सात जणांसाठी गाडी घ्यायची आहे: मागच्या रांगेत तुम्ही कोणाला बसवता?

पायवाट

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गेली नऊ वर्षं एक छोटी हॅचबॅक आहे आणि तिने आजवर रस्त्यात कधी सोडलं नाही. पण आता घरात आम्ही सात जण झालो आहोत. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, आई, बाबा आणि यंदा कायमची आमच्याकडे राहायला आलेली आत्या. गाव संगमेश्वर तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना, या तिन्ही वेळांना जाणं ठरलेलं. मधे एखादी खेप होते ती वेगळी.

या गणपतीत दोन गाड्या केल्या. एक आमची, एक भाड्याची. आई, बाबा, आत्या भाड्याच्या गाडीत, मुलं आमच्याबरोबर. पाटण सोडलं तसा पाऊस वाढला, कुंभार्लीत धुकं उतरलं आणि पुढची गाडी दिसेनाशी झाली. फोनला रेंज नाही. घाट उतरून चिपळूणला आईचा चेहरा दिसेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तिथेच ठरवलं की पुढच्या वेळी सगळे एकाच गाडीत.

आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय. रोजचा वापर कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन साधारण 32 किलोमीटर, बहुतेक वेळा मी एकटाच. बजेट ऑन रोड, म्हणजे कर-विमा धरून, 25 लाखांपर्यंत. एक्सयूव्ही 700, सफारी, स्कॉर्पिओ-एन आणि कॅरेन्स डोक्यात आहेत. सगळे व्हिडिओ बघून झाले, पण त्यात स्क्रीन, सनरूफ आणि स्पीकर यांचंच कौतुक असतं. मला हवी असलेली उत्तरं वेगळी आहेत. मागच्या रांगेत मोठं माणूस सहा-सात तास बसू शकतं का? सात जण बसल्यावर सामान कुठे ठेवता? आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला कोणत्या गाडीत सहज चढता-उतरता येतं?

वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गोदाकाठ

आमच्याकडे चार वर्षं एर्टिगा सीएनजी आहे. नाशिक-पुणे आणि नाशिक-जळगाव अशी भरपूर फिरली. रोजच्या खर्चाला हिच्यासारखी दुसरी नाही, हे आधी सांगतो.

आता सामानाचं. पेट्रोल एर्टिगात सातही सीट उभ्या असताना कंपनीच्या आकड्यानुसार 209 लिटरची डिकी मिळते. सीएनजीत तिथेच टाकी असते. म्हणजे सात जण बसले की प्रत्येकाची पिशवी त्याच्या त्याच्या मांडीवर. आम्ही घरात चौघं, त्यामुळे मागची रांग पाडूनच ठेवतो आणि भागतं. तुम्ही खरोखर सात जण जाणार असाल तर कारखान्यातून आलेली सीएनजी विसरा.

घाटाबद्दलही प्रामाणिकपणे लिहितो. सीएनजीवर 88 पीएसचं (जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीचं) इंजिन, सात माणसं आणि एसी चालू. कसारा चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. गाडी चढते, पण ट्रकला ओलांडायचं तर आधी बराच रस्ता मोकळा बघावा लागतो.

अण्णा सांगलीकर

पायवाट, तुझ्या बाबांच्या वयाचा आहे म्हणून एकेरीत लिहितो.

आमच्याकडे 1998 साली सुमो आली. मागे समोरासमोर दोन बाकं. पंढरपूर, जोतिबा, नरसोबाची वाडी, सगळं तिच्यात झालं. दहा जण बसायचे आणि मागच्या पोरांचे गुडघे एकमेकांना लागायचे. त्या वेळी पट्ट्याबद्दल कोणी विचारतही नव्हतं. आज नातवंडांना तसं बसवायची माझी हिंमत नाही.

एक गोष्ट समजून घे. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर या शिडीच्या चासीवरच्या गाड्या. खाली लोखंडी शिडी आणि तिच्यावर बॉडी चढवलेली. खराब रस्त्याला, उसाच्या फडात जायला, ओढायला त्या उत्तम. पण शिडीमुळे फरशी उंच होते. मागे फरशी उंच आणि सीट मात्र फरशीपासून जेमतेम वीतभर वर, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात. सफारी, 700, कॅरेन्स यांची बॉडी आणि चासी एकच असते, त्यामुळे फरशी त्या मानाने खाली. तुझ्या आईच्या गुडघ्याला हा फरक पहिल्या पायरीलाच कळेल. गावचा रस्ता डांबरी असेल तर शिडीच्या मागे लागू नकोस.

रानजाई

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे गुडघ्याचे पेशंट रोज येतात, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

गाडीत चढताना गुडघ्याला त्रास दोन ठिकाणी होतो. एक उंबऱ्यावर, म्हणजे दार उघडल्यावर पाय जिथून आत टाकायचा तिथे. दुसरा सीटवर बसताना. सीट फार खाली असली तर बसताना माणूस धप्पकन पडतं आणि उठताना सगळं वजन गुडघ्यावर येतं. फार उंच असली तर चढावं लागतं. पाठ वळवून उभं राहिलं आणि किंचित मागे झुकलं की बूड सीटला टेकलं पाहिजे, ती उंची बरोबर. आईंना सवय लावा, आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. एक पाय आत, एक बाहेर आणि मधे वजन, असं करायचं नाही. दाराच्या खांबावर धरायला हँडल आहे का तेही बघा, कारण सगळ्या गाड्यांत ते नसतं. साइड स्टेप सरसकट लावू नका. चढताना तिचा उपयोग होतो, पण उतरताना पाय जमिनीवर टेकण्याआधी पोटरी तिच्यावर आपटते आणि माणूस जास्त लांब पाऊल टाकतं.

मागच्या रांगेसाठी एक सोपी परीक्षा. बसलेल्या माणसाची मांडी आणि सीट यांच्यामध्ये तुमचा तळहात सरकवून बघा. हात सहज आत गेला तर मांडीला खालून आधार नाही आणि तासाभरात त्या माणसाची कंबर धरणार. गुडघ्यापुढे किती बोटं जागा उरते एवढंच लोक बघतात. माझ्या मते मांडीचा आधार त्याहून महत्त्वाचा.

आणि तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे, म्हणजे चाइल्ड सीट असणार. तिचा विचार केलाय का? चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुधा मधल्या रांगेत दोन्ही कडांना असतात. ज्या बाजूला चाइल्ड सीट बसवाल त्या बाजूची सीट पुढे दुमडता येत नाही. मागे जायचा रस्ता मग उरलेल्या एकाच बाजूने, आणि नेमकी ती बाजू आईंना हवी असणार.

पायवाट

रानजाई ताई, हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नाही. आत्ता कागदावर गाडी काढून बसलो.

मधल्या रांगेत आई, बाबा आणि मुलाची सीट ठेवली तर मागे आत्या आणि मुलगी. आत्या 66 वर्षांची. म्हणजे आत्याने आधी डावीकडून वाकून मागे जायचं, मग सीट सरळ करायची, मग आई बसणार. चहाला थांबलो की परत आई उतरल्याशिवाय आत्याला उतरता येणार नाही. आत्या तक्रार करणारी नाही, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

कॅप्टन सीटचा, म्हणजे मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्यांचा, पर्याय बघितला, मधून चालत मागे जाता येतं म्हणून. पण त्यात सहाच जण बसतात.

नीरजा_ठाणे

गाडी ठरवण्याआधी पार्किंग मोजा. आमच्याकडे हे उलट झालं. सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे, त्याच्या प्रत्येक पाळण्यावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. आम्ही लांबी-रुंदी बघितली, उंची बघितलीच नाही. गाडी घरी आली त्या दिवशी वॉचमनने पाटी दाखवली. आठ महिने रस्त्यावर लावली, मग एका शेजाऱ्यांनी खालची जागा बदलून दिली.

कंपन्यांच्या आकड्यांनुसार रुंदी अशी. एर्टिगा 1735 मिलिमीटर, कॅरेन्स 1800, एक्सयूव्ही 700 1890, स्कॉर्पिओ-एन 1917 आणि सफारी 1922. यात आरसे धरलेले नाहीत. 2.5 मीटर रुंद जागेत 1890 ची गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक फूट राहतो. एका बाजूला खांब असेल तर त्या बाजूचं दार पूर्ण उघडत नाही.

आणि डिकीचं दार! वर जाताना ते मागे जवळजवळ एक मीटर जागा घेतं. भिंतीला पाठ लावून उभी केली तर सामान काढायला गाडी पुढे घ्यावी लागते. बेसमेंटमध्ये वरून पाण्याचा पाइप जात असेल तर तो आधी बघा, आमच्या दाराच्या कडेचा रंग तिथेच गेलाय. काही गाड्यांत दार किती उंचीपर्यंत उघडायचं ते ठरवून ठेवता येतं. ही सोय मला सनरूफपेक्षा मोलाची वाटते.

स्पॅनर

इंधनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन सरसकट 40 टक्के जीएसटी लागतो. आधी जीएसटी आणि सेस मिळून मोठ्या एसयूव्हीवर 50 टक्के होते. त्यामुळे जुन्या चर्चांमधल्या किमती आता धरू नका. रोड टॅक्स मात्र महाराष्ट्रात इंधनानुसार बदलतो. 20 लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, डिझेलला 15 टक्के. 10 ते 20 लाखांत 12 आणि 14. समजा एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत, 22 लाख असेल, तर पेट्रोलला 2 लाख 86 हजार आणि डिझेलला 3 लाख 30 हजार. म्हणजे 44 हजारांचा फरक रोड टॅक्समध्येच, शिवाय डिझेल गाडीची मूळ किंमतही जास्त.

तरी पायवाट, तुमच्या वापराला डिझेलच बसतं. आताच्या डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात काजळी साठते आणि इंजिन चांगलं तापल्यावर ती जळून जाते. त्यासाठी मधूनमधून 15-20 मिनिटं सलग 60 च्या वर चालवावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर भाजी आणायला जाणाऱ्यांच्या डॅशबोर्डवर तो दिवा हमखास लागतो. माझ्या मेहुण्यांच्या गाडीला दीड वर्षात तीनदा लागला, कारण घर ते दुकान एवढंच चालवणं. तुमचे 32 किलोमीटर आणि वर्षातून तीन-चारदा कोकण, म्हणजे तो प्रश्न येऊ नये.

शिवाय सात जणांना सरासरी 60 किलो धरलं तरी 420 किलो झाले, वर सामान. अशा वेळी इंजिन हळू फिरत असतानाही मिळणारी ओढ, म्हणजे टॉर्क, कामाला येतो. 700 च्या डिझेल मॅन्युअलला 420 न्यूटन मीटर आहे, सफारीला 350, कॅरेन्स डिझेलला 250. घाटात हा आकडा पायाला जाणवतो. उतरताना मात्र तिघींनाही नियम एकच. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेक दाबून धरायचा नाही.

तेजस्विनी_पी

टोयोटाची इनोव्हा हायक्रॉसही यादीत घ्या हो. आमच्याकडे हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, आहे. सातही सीट उभ्या असताना 300 लिटर डिकी मिळते. मागे माझे सासरे, पावणेसहा फूट, पुण्याहून हैदराबादपर्यंत बसले. गाडी जमिनीपासून फार उंच नाही आणि दार मोठं आहे. एसयूव्ही म्हणा की एमपीव्ही (व्हॅनसारखी घरगुती गाडी), सात जण रोज बसणार असतील तर मला तरी हीच बरोबर वाटते. बजेटचा प्रश्न आहे हे मान्य, पण हायब्रिड नसलेली पेट्रोल बघा, ती बरीच स्वस्त पडते.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. दोघांचेही आई-वडील आळीपाळीने सहा-सहा महिने इथे येतात. आम्ही आधी तीन रांगांची एसयूव्ही घेतली होती, चार वर्षांनी देऊन टोयोटा सिएना घेतली. सरकती दारं, खालची फरशी, आणि मागच्या रांगेमागे खोल खड्डा, त्यात सात जणांच्या बॅगा राहतात. सासूबाई आता हात न देता चढतात. इथेही शेजारीपाजारी व्हॅन नको म्हणून एसयूव्ही घेतात. पण टोयोटाला हायलँडरच्या मागच्या रांगेवरून इतकं ऐकावं लागलं की तिची लांबडी बहीण ग्रँड हायलँडर आणावी लागली. भारतात सरकत्या दारांची कार्निव्हल आहे, पण ती तुमच्या बजेटच्या पार पलीकडे. म्हणून तेजस्विनी म्हणतात त्याला माझंही मत.

सह्यवारा

सगळ्यांनी आरामाबद्दल लिहिलंय. मी सुरक्षेबद्दल लिहितो.

एक्सयूव्ही 700 ला ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून तपासणाऱ्या संस्थेने 2021 मध्ये मोठ्यांसाठी 5 आणि मुलांसाठी 4 तारे दिले. तशीच आपल्याकडची चाचणी, भारत एनकॅप, 1 ऑक्टोबर 2023 ला सुरू झाली आणि त्या डिसेंबरमध्ये हॅरियर आणि सफारी या पहिल्या पाच तारेवाल्या गाड्या ठरल्या. चांगलंच आहे. पण समोरून धडकेच्या चाचणीत पुतळे कुठे बसवलेले असतात? पुढे दोन मोठे आणि मधल्या रांगेत मुलांचे. तिसरी रांग रिकामी. म्हणजे तुमच्या मुलीच्या जागेबद्दल ते तारे काही सांगत नाहीत.

म्हणून तुम्ही स्वतः तीन गोष्टी तपासा. मागच्या दोन्ही जागांना तीन टोकांचा पट्टा आणि डोक्यामागे नीट वर येणारी उशी आहे का. खिडकीवरून उतरणारी पडद्याची एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, हे व्हेरियंटनुसार बदलतं. आणि मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून डिकीची काच किती लांब आहे.

चार सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघं वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघंही गेले. गाडी नावाजलेली, महागडी होती. माझ्या गाडीत सातवा पट्टा लागल्याचा आवाज येईपर्यंत मी किल्ली फिरवत नाही. पाहुण्यांना राग आला तरी चालतो.

रानजाई

सह्यवारा, मनापासून अनुमोदन.

पायवाट, रात्रभर तुमचं कोडं डोक्यात होतं. उलट करून बघा. ज्यांना वाकता येतं ते मागे आणि ज्यांना येत नाही ते मधे. म्हणजे आई, बाबा, आत्या मधल्या रांगेत आणि दोन्ही मुलं मागे. बऱ्याच चाइल्ड सीट आयसोफिक्सशिवाय, गाडीच्या तीन टोकांच्या पट्ट्यानेही घट्ट बसवता येतात. तुमच्या सीटच्या पुस्तकात बघा. तसं असेल तर जेव्हा सात जण जाल तेव्हा सीट मागे आणि एरवी आयसोफिक्सवर मधे.

घरचा_आहेर

मुलांना मागे बसवायचं तर एक विचार करा. मागची रांग मागच्या चाकांच्या वर किंवा थोडी मागे असते. खड्डा आला की पुढच्यांना हलकासा धक्का बसतो आणि मागच्यांना उसळी. खिडकीही लहान. माझ्या दोन्ही मुलांना तिथे गाडी लागायची, ताम्हिणीत तर हमखास. आता निघायच्या आधी पोटभर खायला देत नाही, मोबाइल बंद, आणि घाटात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं खाली. तोंडात आवळासुपारी. मागच्या रांगेला एसीचा झोत थेट मिळतो का तेही भर दुपारी बघा. नुसती जाळी असते, वारा येतच नाही असंही होतं.

किनारा

मी रत्नागिरीचा. सगळेजण जाताना काय नेणार ते मोजतायत. येताना काय आणणार ते कोण मोजणार?

मे महिन्यात गावाहून निघताना दोन हापूसच्या पेट्या, नारळ, आगळाच्या बाटल्या, फणस आणि कुळथाचं पीठ एवढं होतंच. जाताना डिकी रिकामी असली तरी येताना भरते. सात सीट उभ्या असताना मागच्या सीटची पाठ आणि दार यांच्यामध्ये कितीशी जागा उरते? सफारीचा कंपनीचा आकडा 73 लिटर आहे. कॅरेन्सचा 216. तेव्हा छतावर कॅरियर लागणारच, हे धरूनच चाला. गाडीच्या पुस्तकात छतावर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, तो आकडा कॅरियरच्या वजनासकट धरायचा. छतावर नुसती चंदेरी पट्टी आहे म्हणजे ती वजन घेते असं नाही, काही दिखाऊ असतात. वर हलकं, फुगीर सामान, म्हणजे कपडे आणि अंथरुणं. जड सामान खालीच. उलटं केलंत तर वळणावर गाडी झुकते.

दुसरं स्टेपनीबद्दल. सात सीटच्या बहुतेक गाड्यांत स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते. डिकीतल्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की ती साखळीवर खाली येते. ऐकायला सोपं आहे. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आंबा घाटाच्या पायथ्याला माझं मागचं टायर बसलं. दांडा सामानाच्या तळाशी. सगळं सामान पावसात रस्त्याकडेला काढलं. दांडा घातला तर यंत्र चिखलाने गच्च. मिठाच्या हवेने गंजलं होतं आणि चार वर्षांत एकदाही फिरवलेलं नव्हतं. शेवटी एका डंपरवाल्याने पान्याने ठोकून मोकळं केलं. त्या दिवसापासून दर सहा महिन्यांनी मी स्टेपनी खाली उतरवतो, धुतो, हवा बघतो, साखळीला ग्रीस लावतो आणि परत चढवतो. वीस मिनिटांचं काम आहे. दांडा आता ड्रायव्हरच्या सीटखाली असतो.

नीरजा_ठाणे

किनारा दादा, आजच नवऱ्याला स्टेपनी उतरवायला सांगते. पाच वर्षांत आम्ही ती बघितलेलीही नाही.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी सकाळी दहाला निघालो, संध्याकाळी सहाला परत. चार शोरूम. बरोबर आई, बाबा, आत्या, दोन्ही मुलं, मुलाची सीट, एक मोठी बॅग, आंब्याची एक रिकामी पेटी आणि मोजायची टेप. आधी फोन करून सांगितलं होतं, त्यामुळे सगळीकडे नीट वेळ दिला.

गुडघ्यापासून सुरू करतो. घरी आई ज्या खुर्चीतून हात न टेकता उठते ती 19 इंच उंच आहे, ते आधी मोजून घेतलं. गाड्यांच्या उंबऱ्याची उंची मी मोजली ती 16 पासून 21 इंचांपर्यंत भरली. 21 ला आईने डावा पाय हाताने धरून आत ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ती गाडी तिथेच बाद झाली, बाकी सगळं आवडूनसुद्धा. 17 ला ताईंनी सांगितल्याप्रमाणे बूड टेकून, दोन्ही पाय फिरवून आत आली. दोनदा करून बघितलं, दुसऱ्यांदा मी हात दिला नाही.

आत्याला मागे बसवून बघितलं. विचारलं तर म्हणाली, "छान आहे, मला काही त्रास नाही." तळहाताची परीक्षा केली, माझा हात मनगटापर्यंत आत गेला. आणि उतरताना तिने धरायला काही मिळेना म्हणून पट्टा हाताला गुंडाळून स्वतःला ओढून घेतलं. ते मी बघितलं. त्यानंतर कोणत्याच शोरूममध्ये तिला मागे बसायला सांगितलं नाही.

मग तिघांना मधल्या रांगेत खांद्याला खांदा लावून बसवलं. इथे रुंदीचा खरा अर्थ कळला. अरुंद गाडीत बाबा मधे बसले की खांदे तिरके करावे लागत होते. रुंद गाडीत तिघंही पाठ टेकून सरळ बसले. मधल्या जागेपुढे फरशीला उंचवटा जवळजवळ नाही, त्यामुळे बाबांचे पाय सरळ. हायक्रॉसमध्ये तिघं सगळ्यात मोकळे बसले, हे तेजस्विनींना सांगायलाच हवं. पण आम्हाला हव्या त्या व्हेरियंटचा हिशेब बजेटच्या वर गेला आणि कर्ज वाढवायची माझी तयारी नाही.

मुलं मागे बसली. चाइल्ड सीट पट्ट्याने बसवायला मला आणि शोरूममधल्या मुलाला मिळून पंचवीस मिनिटं लागली, पण हलवली तर बोटभरही सरकली नाही. मुलीने विचारलं की ही जागा कायमची माझी का.

सामान. सात सीट उभ्या असताना आंब्याची पेटी आडवी राहिली, बॅग राहिली नाही. कॅरियर लागणार.

तेव्हा एक्सयूव्ही 700, डिझेल मॅन्युअल, मधे सलग बाकाची सीट असलेली सात सीटची, असं ठरलं आहे. पार्किंगची जागा 2.5 मीटर आणि उजवीकडे खांब. आई-बाबांना आधी गेटपाशी उतरवायचं, मग गाडी लावायची. डिकीच्या दारासाठी पाइप बघितला, चार इंच वर आहे.

अण्णा सांगलीकर

शाब्बास. आईला विचारून गाडी घेतलीस.

स्पॅनर

अभिनंदन. टायरच्या हवेचं लक्षात ठेवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर कमी वजनाचा आणि भरलेल्या गाडीचा असे वेगवेगळे आकडे असतात. गावाला निघायच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना, भरलेल्या गाडीचा आकडा ठेवा. पुण्यात परत आल्यावर कमी करा.

घरचा_आहेर

मुलीला सांगा, भावाला गाडी लागायला लागली तर आधी तिलाच कळणार. तिच्या हाताशी पिशवी, ओला रुमाल आणि पाण्याची बाटली द्या. आमच्या मोठीला हे काम दिल्यापासून तिची स्वतःची मळमळ थांबली.

पायवाट

बुकिंग केलं. डिलिव्हरीला थोडे आठवडे लागतील. पहिली फेरी अर्थात गावाला. किनारा दादा, कॅरियरवर सामान बांधायला काय वापरता? आमच्याकडे आजवर कधी छतावर सामान बांधलेलंच नाही.

किनारा

सामानावर आधी ताडपत्री, तिच्या कडा खाली दुमडून. वर जाळी. मग काथ्याची दोरी घ्या, नायलॉनची नको. नायलॉन ओली झाली की गाठ सैल पडते, काथ्या ओला झाला की आवळतो. गाठ गाडीच्या डाव्या बाजूला मारा, म्हणजे रस्त्यात सोडायची वेळ आली तर ट्रकांच्या बाजूला उभं राहावं लागणार नाही. पहिल्या चहाला थांबाल तेव्हा एकदा हाताने ओढून बघा. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये सामान बसतं आणि दोरी थोडी ढिली होते.

पायवाट

काथ्या आजच आणला. तीस हात.